तीन बोटं उंच हँडल: वॉटफर्ड ते वेल्सचा समुद्र

विसरलात ना? मागच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडची हकीकत संपवताना मी इथेच सांगितलं होतं, आजीला मेतकूट पाठवा. तुम्ही सगळ्यांनी अंगठे वर केले, बदाम पाठवले, फुलं पाठवली, सगळं त्या फोनमधलं. मेतकूट एकाचंही आलं नाही. विसरायचं वय माझं, आणि विसरता तुम्ही. असू दे. या वेळीही शेवटी सांगणार आहे, तोपर्यंत जागे राहा.

कोणी नवीन आलं असेल तर सांगते. मी वॉटफर्डला मुलाकडे राहते. मी बोलते, माझी नात ईरा टाइप करते आणि तिची आई, म्हणजे माझी सून माधवी, क्लिनिकमधून आली की ईराचं मराठी दुरुस्त करते. मला अक्षर येत नाही, त्यामुळे मधे कोणी काय घुसडलं ते मला कळायचं नाही. काही खटकलं तर त्या दोघींना बोला.

हा प्रवास ठरला तो गॅरेजमध्ये. माझा मुलगा श्रीधर सर्जन आहे, पोटाची ऑपरेशनं करायचा. गेल्या वर्षी मानेच्या मणक्यात नस दबली आणि उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. मानेवर उपचार झाले, दुखणं गेलं, बोटं काही परत आली नाहीत. येतील, वेळ लागतो, असं त्याचे डॉक्टर म्हणतात. तोही आपल्या पेशंटना असंच म्हणायचा, म्हणून त्याचा विश्वास बसत नाही. ऑपरेशनं थांबली. आता शिकवतो, मीटिंगा करतो. एकदा हातातून चहाचा कप सुटला, तेव्हापासून कप डाव्या हाताने उचलतो. जेवताना उजवा हात मांडीवर ठेवून चमच्याने डाव्या हाताने खातो. मी बघत नाही असं त्याला वाटतं.

उरली होती मोटारसायकल. पण ती चालवायची म्हणजे पुढे वाकून, पाल भिंतीला चिकटते तसं. सगळा भार मनगटावर आणि मानेवर. माधवी म्हणाली, विकून टाक. तिच्या क्लिनिकमधला एक डॉक्टर घ्यायला तयारच बसला होता. श्रीधर म्हणाला, हँडल वर घेऊ, ताठ बसता येईल. बरेच दिवस घरात दारं जोरात लागत होती. शेवटी तह झाला. हँडल उंच करायचं आणि वेल्सच्या समुद्रापर्यंत जाऊन यायचं. हाताने साथ दिली तर गाडी राहील, नाही दिली तर विकायची. मागून कारमध्ये ईरा आणि मी. ईरा मँचेस्टरला शिकते, सुट्टीला आली होती. आणि मी कशाला, तर माधवीला ड्यूटी होती आणि श्रीधरला माझ्यासमोर खोटं बोलता येत नाही.

मी माधवीच्या बाजूची होते. देवापुढे बसून रोज हेच सांगत होते की ती गाडी जाऊ दे घरातून.

आता ज्यांना हे काम करायचंय त्यांनी कान द्या. हँडल ज्या कड्यांत धरलेलं असतं, त्यांच्याखाली धातूचे दोन ठोकळे बसवायचे. आमचे तीन बोटं उंचीचे. ऑनलाइन मिळतात, आपल्याच गाडीचे आहेत ना ते बघून घ्या. पण खरी मेख पुढे आहे. मुलगा उंच झाला की पायजमा आखूड पडतो, तशी हँडल वर गेलं की ब्रेकची नळी आखूड पडते. पायजमा वर गेला तर लोक हसतात. नळी ताणली गेली तर हसायला कोण उरणार? म्हणून लांब नळी घालायची, नवं ब्रेक ऑइल भरायचं आणि आतली हवा बुडबुडा न बुडबुडा बाहेर काढायची. मेकॅनिक करून देतात. श्रीधरला स्वतःच्याच हातांनी करायचं होतं. का, ते मी विचारलं नाही.

ब्रेक ऑइल रंग खातं म्हणून माझं जुनं सुती लुगडं टाकीवर पांघरलं. मी दारात खुर्ची टाकून बसले. ईरा वर हँडलपाशी, श्रीधर खाली चाकापाशी.

"दाब. धर. धरून ठेव. हं, सोड."

हा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. हळू, पण ऐकणाऱ्याची हलायची टाप नाही. पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे, तो वरच्या डबीत ऑइल ओतायचा, पुन्हा दाब, धर, सोड. शेवटी बुडबुडे थांबले. मग नट आवळणं. पुरेसं आवळलं की टक् असं वाजणारा एक पाना असतो. टक् वाजलं. त्याने पुन्हा लावला. टक्. पुन्हा.

"बाबा, इट क्लिक्ड," ईरा म्हणाली.

"तुला ऐकू आलं. माझ्या हाताला कळलं नाही."

मग हँडल डावीकडे पार शेवटपर्यंत, उजवीकडे पार शेवटपर्यंत. नळी कुठे ताणत नाही, कुठे अडकत नाही. गल्लीत फेरी मारून आला, ब्रेक लावून दाखवला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. तो हसला, पण तोंडाने नुसता.

निघायच्या सकाळी मी म्हटलं, पूजा केल्याशिवाय चाक हलणार नाही. आमच्याकडे खंडेनवमीला नांगर, कुदळ, शिवणाचं मशीन, सगळ्याला कुंकू लागायचं. बैलगाडीच्या आसाला आधी वंगण, मग चाकाला कुंकू. श्रीधर जाकीट घालायला आत गेला होता, तिथूनच ओरडला, "आई, टाकीला काही लावायचं नाही, रंग जातो."

"मग कुठे लावू, तुझ्या कपाळाला?"

ईराने जागा शोधली. पुढच्या चाकाला एक चकती असते, भोकंभोकं असलेली, ताटासारखी लखलखीत. "आजी, हा बघ ना, किती शायनी आहे. परफेक्ट." मलाही पटलं. चालणार चाक, तर मान चाकाचा. कोरडं कुंकू थंड धातूवर टिकेना, म्हणून मी थेंबभर खोबरेल कालवून दिलं. ईराने दोन्ही बाजूंनी सुबक स्वस्तिक काढलं. चाकांखाली लिंबं ठेवली, पायरीवर नारळ फोडला. समोरचे म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन थांबले, त्यांना खोबऱ्याचा तुकडा दिला. कुत्र्याने खाल्ला. लिंबं फुटली, आम्ही निघालो.

वॉटफर्डहून ब्रिस्टलला जायचं तर एम पंचवीस आणि मग एम चार हे मोटरवे. ट्रॅफिक नसेल तर दोन तास, आणि ट्रॅफिक नसतं असं मी कधी बघितलेलं नाही. खिडकीबाहेर बघायला मला फुरसत नव्हती. माझं सगळं बघणं श्रीधरच्या मागच्या लाल दिव्यावर होतं. दिवा लागला की माझा पाय कारमध्ये आपोआप दाबला जायचा.

"आजी, तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये," ईरा म्हणाली.

"म्हणूनच दाबतेय. असता तर तुला गाडी चालवता आली असती का?"

घराजवळच्या पहिल्या सिग्नललाच पुढच्या चाकातून कुंईई असा आवाज आला होता. नवीन आहे, होईल नीट, असं श्रीधरने हाताने खुणावलं. मोटरवेवर ब्रेक फारसा लागत नाही, त्यामुळे तासभर काही कळलं नाही. तो छान ताठ बसला होता, पाटावर बसल्यासारखा. मला जरा बरं वाटू लागलं होतं.

मग सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेच्या कडेच्या थांब्याला, वळलो. चहाला थांबायचं होतं. उतारावरून तो पुढे, आम्ही मागे. लाल दिवा लागला. लागून राहिला. गाडी थांबेना. रेषेपाशी थांबायची ती रेष ओलांडून पुढे गेली, समोरच्या व्हॅनवाल्याने हॉर्न दाबला, आणि श्रीधर गवताच्या कडेला पाय रोवून कसाबसा उभा राहिला. ईराच्या तोंडून एक इंग्रजी शब्द गेला. तो तिने इथे लिहिलेला नाही, मी विचारलं.

आम्ही पोचेपर्यंत त्याने हेल्मेट काढलं होतं. उजवा हात समोर धरून बघत होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

"पुढचा ब्रेक धरत नाहीये. नळीत हवा राहिली असणार. माझ्याकडून राहिली."

"बाबा, लिव्हर मऊ लागतोय का? हवा असली की मऊ लागतो असं तूच सांगितलंस."

"घट्ट लागतो."

"मग?"

"घट्ट लागतो असं हा हात सांगतोय, ईरा. आणि या हाताचं मी काय म्हणून मानू?"

तिथला चहा महाग आणि पाणचट. माझ्या दशम्या आणि लोणचं होतं म्हणून निभावलं. श्रीधरने दशमीचा तुकडा हातात धरला आणि तसाच ठेवून दिला.

तुम्ही असं कधी करू नका, रिकव्हरीवाल्यांना फोन करा, ते ट्रकवर घालून नेतात. मीही तेच सांगितलं, ईराने रागावून सांगितलं. त्याने ऐकलं नाही. मागचा ब्रेक शाबूत होता, त्यावर डावीकडच्या लेनमधून ट्रकांच्या मागे मागे हळूहळू ब्रिस्टलपर्यंत आला. आणि ब्रिस्टल म्हणजे काय? सगळं शहर चढावर बांधलंय. रंगीबेरंगी घरांच्या ओळी, खाली नदी, वर झुलता पूल, बघायला फार सुंदर असेल. मी एक लाल दिवा बघितला. प्रत्येक उतारावर मी सुपारी दातांखाली धरली होती, पोचेपर्यंत तिचं पीठ झालं.

गेस्ट हाउस अशाच एका उताराच्या टोकाला. स्वच्छ खोल्या, मागे अंगण, गाडी आत लावता येते, नाश्ता भाड्यातच. मालकीण पॅट म्हणून, माझ्याच वयाची. माझ्याकडे बघून तिने न विचारता दुधाचा चहा आणला. भाषेचं अडलं नाही. ती गुडघा दाखवायची, मी कंबर दाखवायचे.

संध्याकाळी अंगणातल्या बाकावर श्रीधर माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, विकतो. माधवीला कळवतो. उद्या गाडी इथेच ठेवू आणि कारने परत जाऊ."

मी वर्षभर देवाकडे हेच मागत होते. मिळालं. आणि तुम्हाला सांगते, चहा गोड लागेना. गाडीचं मला काही नव्हतं. पण तो 'विकतो' म्हणाला तेव्हा उजवा हात जाकिटाच्या खिशात घालून बसला होता, आणि मला दिसलं की आता तो हात तिथेच राहणार. आज ब्रेक, उद्या भाकरी मोडणं, परवा कोणाशी हात मिळवणं.

"विकायची तर विक," मी म्हटलं. "पण घेणारा कोणाचा तरी मुलगा आहे. त्याला बिघडलेले ब्रेक देणार आहेस का? सकाळी उघडून बघ काय राहिलंय ते, मग विक."

माझा आग्रह त्याला नेहमीच त्रासाचा वाटतो, आणि असतोही.

सकाळी पॅटने अंडी आणि बीन्स दिले. बीन्स गोड का असतात, हे मला कोणी तरी सांगा. मी अंगणात आले तेव्हा तो चाकापाशी उकिडवा बसला होता. ईरा शेजारी. त्याने नळीचा वरचा सांधा पुसून बघितला, कोरडा. खालचा सांधा बघितला, कोरडा. गळती कुठेच नाही. लिव्हर ईराला दाबायला लावला.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "दगडासारखा."

मग त्याने उजव्या हाताचा अंगठा त्या ताटासारख्या चकतीवरून फिरवला. सहज, धूळ बघावी तसा. आणि थांबला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासलं. पुन्हा घासलं. डोळे मिटून घासलं. मला वाटलं, याला परत काही तरी होतंय.

"आई, इकडे ये." बोट त्याने नाकाशी नेलं. "हे काय आहे?"

"कुंकू असेल."

"कुंकू कळलं. आणि?"

"खोबरेल. थेंबभरच घातलं होतं."

ईराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्याने मला समजावलं, लहान मुलीला सांगावं तसं. चाक थांबवणारी चकती तीच. दोन बाजूंनी ब्रेकचे दोन ठोकळे, हँडलखालचे नव्हेत, तिला चिमटीत धरतात, तेव्हा गाडी थांबते. आणि त्या चिमटीत आम्ही खोबरेल तेल घातलं होतं.

"तू स्वतः डबीत ऑइल ओतत होतास," मी म्हटलं. "ब्रेकला तेल आत चालतं, बाहेर चालत नाही, हे कोणी सांगायचं?"

मला वाटलं आता ओरडेल. ओरडायला हवंच होतं, जीव गेला असता त्याचा, आणि ते माझ्या मनातून अजून उतरलेलं नाही. पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो अजून बोटं घासत होता.

"मला लागलं," तो म्हणाला.

"काय लागलं? कापलं का?"

"नाही गं. बुळबुळीत लागलं. आधी बोटाला लागलं, मग वास आला. या अंगठ्याला आणि या बोटाला." मधलं बोट त्याने हलवून दाखवलं. "याला नाही. या दोघांना."

मी त्याचा हात हातात घेतला आणि माझ्या ओढणीचा काठ त्याच्या बोटांत दिला. "हे?"

"काठ."

"हे?"

"अंग."

अंगणात असं आम्ही बराच वेळ केलं. पॅट दारातून बघत होती. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. ती आत गेली आणि जुन्या टॉवेलांचं गाठोडं घेऊन आली, एवढं खरं.

तेल प्यायलेले ते ठोकळे धुऊन चालत नाहीत, बदलावेच लागतात. ईराने कारने जाऊन दुकानातून नवे आणले, सोबत चकती पुसायचा स्प्रे. दोन-दोनदा पुसलं. या वेळी टक् वाजलं तेव्हा श्रीधरने पाना एकदाच लावला. नव्या ठोकळ्यांना रुळायला वेळ द्यायचा असतो, आधी हळू जाऊन थोडा थोडा ब्रेक लावायचा. त्याने पॅटच्या गल्लीत तेच केलं. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. प्रत्येक वेळी गाडी थांबायची, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, पुढच्या वेळी नाही थांबणार.

ब्रिस्टलहून मोठा पूल ओलांडला की वेल्स. टोल आता बंद झालाय. वारा मात्र आहे, मोटारसायकलवाल्यांनी जपून. पुढे पाट्यांवर दोन दोन भाषा लिहिलेल्या. मला दोन्ही सारख्याच, त्यामुळे मी निवांत, ईराच गोंधळत होती. शेवटच्या तासाभरात रस्ते बोळाएवढे होतात. दोन्ही बाजूंना डोक्यावर जाणारी कुंपणझाडं, समोरून ट्रॅक्टर आला की कोणाला तरी मागे जावं लागतं. श्रीधर प्रत्येक वळणाआधी ब्रेक लावायचा. लाल दिवा लागायचा, गाडी हळू व्हायची, दिवा विझायचा. मी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घालून बसले, म्हणजे दाबायला नको. तरी बोटं आवळली जायचीच.

मग एका वळणावर कुंपण संपलं आणि समुद्र दिसला. करडा, मोठा, वाऱ्याने फाटलेला. कार पार्कच्या टपरीवर वेल्श केक मिळतात. तव्यावर भाजलेली मनुकांची जाड पुरी समजा. गरम असतानाच खा. श्रीधरने उजव्या हाताने उचलून खाल्ला. मी बघितलं, आणि या वेळी मी बघतेय हे त्यालाही माहीत होतं.

"बसतेस का मागे?" त्याने विचारलं. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणी नाहीये."

"माझं वय बघ."

"वयाला हेल्मेट घालू."

ईराने स्वतःचं हेल्मेट आणलं होतं, ते माझ्या डोक्यावर बसवलं. सलवारच होती अंगात. चढवायला दोघं लागले. त्याच्या पाठीला मी अशी मिठी मारली की तो म्हणाला, "आई, श्वास घेऊ दे." पाठ ताठ होती. हँडल वर आलंय ते पाठीला कळतं. गाडी चालली, देवाची नावं आठवेनात. टोकाला कुंपण दिसलं आणि मी डोळे मिटले. ब्रेक लागला. माझं हेल्मेट हळूच त्याच्या पाठीवर टेकलं, आणि आम्ही उभे होतो.

"लागला," मी म्हटलं.

"लागला," तो म्हणाला.

परतीचा रस्ता तोच. मधे पॅटकडे चहा घेतला आणि टॉवेल धुऊन परत दिले.

घरी आल्यावर माधवीने आधी त्याची बोटं सुईने टोचून तपासली, डॉक्टर आहे ती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही तर माझ्या बाजूच्या होतात ना?" मी म्हटलं, मी ब्रेकच्या बाजूची आहे. गाडी विकलेली नाही. मधलं बोट अजून बधिर आहे, ऑपरेशनं सुरू झालेली नाहीत, होतील की नाही कोणी सांगत नाही. काळजी गेली असं समजू नका. तो गाडी बाहेर काढतो तेव्हा मी अजूनही खिडकीशी उभी राहून गल्लीच्या टोकाचा लाल दिवा बघते. कुंकू लावते, पण कोरडं, आणि वर दिव्याला. खोबरेलची बाटली ईराने मँचेस्टरला जाण्याआधी गॅरेजपासून लांब, वरच्या बाथरूममध्ये नेऊन ठेवली आहे. आणि चहाचा कप कधी उजव्या हातात असतो, कधी डाव्या. मी मोजत नाही.

आता मेतकूट. या वेळी विसरू नका. घरी भाजलेलं, कोरडं, दुहेरी पिशवीत बांधून पाठवा, आणि जागा उरली तर थालीपिठाची भाजणी. चिवडा नको, चकली नको, लोणच्याची बरणी तर नकोच. पिशवीला बाहेरून कुठे तेलाचं बोट जरी लागलं असलं, तरी आता श्रीधरला लगेच कळतं.